मनोरुग्णालयात बोलताना आणि नोंद लिहिताना परिचारिकांनी जपायची भाषा

सुरुवात संबोधनापासून करावी. दाखल झालेल्या व्यक्तीला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल हे तिलाच विचारावे, आणि तिचा पेहराव किंवा आर्थिक स्थिती कशीही असली तरी प्रौढ माणसाला अहो-जाहोच करावे. ‘बाळा’, ‘सोन्या’ ही हाक बहुधा मायेनेच मारली जाते. पन्नाशीच्या गृहस्थांना मात्र ती लहान करते. ‘तुम्ही जेवलात का?’ या रूपातून लिंग कळत नाही, ‘जेवलास’ किंवा ‘जेवलीस’ यातून कळते, त्यामुळे पारलिंगी व्यक्तीशी पहिल्या भेटीत बोलतानाही ‘तुम्ही’ सोयीचे पडते. तिच्याविषयी इतरांशी बोलताना ‘तो’ म्हणावे की ‘ती’, हे मात्र तिला विचारूनच ठरवावे.

खरी कसोटी लागते ती केसपेपरवरील नोंदीत. ‘रुग्ण आक्रमक, ऐकत नाही, नाटके करतो’ हा निवाडा आहे, निरीक्षण नव्हे. त्याऐवजी काय घडले ते लिहावे: ‘सकाळी ८ वाजता गोळी देताना त्यांनी ग्लास भिरकावला, या गोळीने जीभ जड होते, असे ते म्हणाले, डॉक्टरांना कळवले.’ हा फरक केवळ सौजन्याचा नाही. हॅलोपेरिडॉलसारख्या मनोविकारावरील औषधांमुळे जीभ किंवा मान आखडू शकते, आणि एका जागी बसवत नाही अशी तगमगही होऊ शकते. रात्रभर येरझारा घालणाऱ्या व्यक्तीपुढे ‘त्रास देतो’ एवढेच लिहिले, तर पुढच्या पाळीतील परिचारिका तिच्याकडे त्याच नजरेने पाहते आणि दुष्परिणाम नजरेआड राहतो. ‘मॅनिप्युलेटिव्ह’ (डावपेच खेळणारा) किंवा ‘अटेन्शन सीकिंग’ (लक्ष वेधून घेणारा) असे इंग्रजी शब्द शास्त्रीय वाटतात, पण तेही निवाडेच आहेत. शिवाय मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील कलम २५ रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा अधिकार देते, तेव्हा लिहिलेले वाक्य उद्या ती व्यक्ती स्वतः वाचू शकते, हे धरूनच लिहावे.

निदानाला व्यक्तीचे नाव करू नये: ‘तीन नंबरचा स्किझोफ्रेनिया’ असे न म्हणता नाव घ्यावे. अर्थात एखादी व्यक्ती स्वतःच्या आजाराविषयी स्वतःचा शब्द वापरत असेल, तर तो दुरुस्त करत बसू नये.

आत्महत्येच्या प्रयत्नाविषयी ‘यशस्वी’, ‘फसलेला’ किंवा ‘गुन्हा’ हे शब्द टाळावेत. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, याच अधिनियमाचे कलम ११५ गृहीत धरते. ‘जीव द्यावा असे विचार मनात येतात का?’ हे स्पष्ट शब्दांत आणि एकांतात विचारावे; विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही भीती निराधार आहे.

कानात आवाज येतात असे कोणी सांगितले, तर हसू नये, वाद घालू नये आणि खोटा होकारही देऊ नये. ‘मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्हाला त्याचा त्रास होतो आहे हे मला दिसते,’ असे म्हणून त्रास केव्हा वाढतो ते विचारावे. नातेवाईक सोबत असले तरी ‘यांना काय होते?’ हा प्रश्न त्यांच्याकडे वळवण्याआधी तो समोरच्या व्यक्तीला विचारावा. पाळी बदलतानाची माहिती व्हरांड्यात, वॉर्डातील मावशी-मामा (मदतनीस) आणि भेटीला आलेली मंडळी ऐकत असताना देऊ नये. गोपनीयतेचा अधिकार याच अधिनियमाच्या कलम २३ मध्ये नमूद आहे.