'देम' की 'हूम'? आधी क्रियापदं मोजा

वह्या तपासताना माझं लाल पेन सगळ्यात जास्त अडतं ते अशा वाक्यापाशी: 'शी हॅज थ्री सन्स, टू ऑफ देम आर डॉक्टर्स.' अर्थ पोचतो, बोलताना कुणी टोकणारही नाही. पण लेखी इंग्रजीत हे चूक. मग प्रश्न येतोच, "देममध्ये काय बिघडलं?" बिघडलं काहीच नाही. देमला दोन वाक्यं जोडता येत नाहीत, एवढंच.

ही, शी, इट, देम ही पुरुषवाचक सर्वनामं नामाच्या जागी बसली की त्यांचं काम संपलं. हू, हूम, विच, दॅट ही संबंधी सर्वनामं तीच जागा घेतात आणि वर वाक्य जोडूनही देतात. म्हणून माझा सल्ला असा, की अर्थाच्या मागे लागू नका, क्रियापदं मोजा. काळ दाखवणारी क्रियापदं जितकी, त्याहून एक कमी जोडशब्द हवा. वरच्या वाक्यात हॅज आणि आर अशी दोन क्रियापदं आहेत, जोडशब्द मात्र शून्य. स्वल्पविराम जोडशब्द नव्हे! आता 'टू ऑफ हूम आर डॉक्टर्स' करा, किंवा देम ठेवून आधी 'अँड' घाला, नाहीतर सरळ पूर्णविराम देऊन नवं वाक्य सुरू करा. तिन्ही बरोबर. ऑफनंतर माणसांसाठी हूम, वस्तूंसाठी विच. हू आणि दॅट तिथे नकोत.

परीक्षा घेणारे लबाड असतात. ते 'आर' काढून 'बीइंग' घालतात: 'शी हॅज थ्री सन्स, टू ऑफ देम बीइंग डॉक्टर्स.' बीइंग काळ दाखवत नाही, म्हणजे मोजायचं क्रियापद एकच उरलं. जोडायला काही नाही, तेव्हा इथे देमच बरोबर. 'ऑफच्या पुढे हूम' असं पाठ करून आलेले नेमके इथे फसतात.

दुसरी खोड आपल्या मराठीतून येते. 'जो मुलगा काल आला, तो माझा भाचा' असं आपण जो-तो जोडीनं बोलतो, आणि इंग्रजीतही 'द बॉय हू केम यस्टर्डे, ही इज माय नेफ्यू' लिहून मोकळे होतो. इंग्रजीला तो 'तो' नको असतो. ही आणि त्याआधीचा स्वल्पविराम, दोन्ही काढा.

'द बुक आय बॉट इज गुड' यात मोजणी चुकल्यासारखी वाटेल. तिथे दॅट गाळलेला आहे, तो धरून मोजा.

हू की हूम, याला सोपा उपाय आहे: ते उपवाक्य सुटं करून त्यात ही किंवा हिम बसवून बघा. ही बसला तर हू, हिम बसला तर हूम. 'द मॅन ... आय थिंक इज ऑनेस्ट' इथे बरेच जण थिंक बघून हूम लिहितात. सुटं केलं तर 'आय थिंक ही इज ऑनेस्ट' होतं, म्हणून हू.

आता हे तुम्हीच दुरुस्त करा: 'ही गेव्ह मी अ पेन, विच आय स्टिल यूज इट.' क्रियापदं दोन, जोडशब्द एक, मोजणी चोख. तरी चूक, कारण यूजचं कर्म विचनं आधीच व्यापलंय आणि इट त्याच जागेवर दुसऱ्यांदा येऊन बसलंय. इट खोडा.