हाणायच्या आधी स्कॅन करा

कंपोझिटच्या (कार्बन फायबरसारखे थर चिकटवून केलेल्या मटेरियलच्या) एनडीटीत, म्हणजे न तोडता आतला दोष शोधायच्या तपासणीत, यायचं म्हणून जालन्याकडची दोन-तीन पोरं विचारायलेत, म्हणून माझी फजितीच सांगतो.

आमची मोसंबीची बाग. २०१४ च्या गारपिटीत काही फळांवर नुसता टिकलीएवढा डाग होता, आम्ही म्हणलं ही वाचली, चार दिवसांनी कापली तर आतून गेलेली. कार्बन फायबरचं तसंचय. ॲल्युमिनियमला खड्डा पडतो, दिसतो तरी. इथं हातातून पाना पडला तरी पॅनल दबून परत वर येतं, वरून जवळपास काहीच नाही, पण आत थर सुटलेले, आणि खालच्या बाजूला तर जास्तच. मग दाब आला की सुटलेले थर आपापले वाकतात. बोईंग ७८७ विमान वजनाने साधारण ५०% कंपोझिटचंय, विचार करा.

प्रोजेक्टला मी हाताने थर लावून १५० बाय १०० मिलिमीटरचे तुकडे केले, जाडी ४ मिलिमीटर. मार देऊन बघायच्या टेस्टच्या स्टँडर्डमध्ये दर मिलिमीटर जाडीला ६.७ जूल म्हणजे २६.८ जूल, साडेपाच किलोचं वजन अर्ध्या मीटरवरून सोडायचं (उसळल्यावर ते धरायचं, नाहीतर दुसरा मार बसतो आणि तुकडा वाया). मग सी-स्कॅन, म्हणजे अल्ट्रासाउंडने काढलेला तुकड्याचा वरून दिसणारा नकाशा. अर्धा तुकडा काळा! मी खुश, केवढं डॅमेज पकडलं म्हणून. सर म्हणले, न हाणलेला तुकडा लाव की. तोबी काळा. माझ्याच लेअपमध्ये (थर लावण्यात) हवेचे बुडबुडे राहिलेले. आधीचा स्कॅनच नव्हता, आता मारामुळं काय झालं अन् माझ्यामुळं काय, सांगणार कसं? दोन महिने गेले, सगळे तुकडे नव्याने.

तेव्हा कळलं की नुसता रंगीत फोटो बघून चालत नाही, ए-स्कॅन, म्हणजे एका जागेवरून परत आलेल्या आवाजाचा (इकोचा) आलेख, उघडायचा. बुडबुडे असले की मागच्या पृष्ठभागाचा इको बारीक होतो, थर सुटला असला की मधेच नवा इको उभा राहतो. आणि वरचा सुटलेला थर आवाज अडवतो, त्याच्याखालचं दिसतच नाही, म्हणून जमलं तर उलट्या बाजूनेबी स्कॅन करा.

नाण्याने ठोकून बघणं गावठी वाटेल पण हँगरमध्ये अजून चालतं, पातळ स्किनवर बद्द आवाज लगेच कळतो, जाड भागात मात्र त्याचा भरवसा नको.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर कोर्सची फी भरली म्हणून कुणी लेव्हल टू (स्वतः तपासून निकाल द्यायची पात्रता) होत नाही, प्रत्यक्ष कामाचे तासबी भरावे लागतात. आधी एक खराब लॅमिनेट (थरांचा तुकडा) मुद्दाम बनवा, स्कॅन करा, मग कापून आत बघा.