वॉरगेमचं रूलबुक पारखताना या चुका टाळा

कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येत नाही, म्हणून पार्सल आणायला मी एसटीनं दारव्ह्याला गेलो. वॉरगेमचं, म्हणजे छोट्या बाहुल्यांच्या फौजा मांडून फाशांवर लढायच्या खेळाचं, कडक पुठ्ठ्याचं, चकचकीत पानांचं रूलबुक. आईनं हातात तोलून पाहिलं आणि विचारलं, "कायची पोथी आणली रे बाप्पा एवढी जड?" भाचा सुट्टीत आला होता. त्यानं अर्ध्या तासात सगळी चित्रं पाहिली, बुटक्यांची फौज मनात पक्की केली आणि शेवटचं पान उलटून म्हणाला, "मामा, याच्यात माह्या फौजेचे आकडेच नाई!"

नव्हतेच. ही पहिली चूक, आणि पैशाला सगळ्यात जास्त लागणारी. कोअर म्हणजे मुख्य रूलबुक म्हणजेच पूर्ण खेळ असं आपण धरून चालतो. बऱ्याच खेळांत त्यात फक्त चालायचं कसं, भिडायचं कसं, मोजायचं कसं एवढंच असतं. प्रत्येक सैनिकाची ताकद, चिलखत आणि पॉइंट्स (दोन फौजा बरोबरीच्या करायला त्याला लावलेली किंमत) वेगळ्या आर्मी बुकात असतात. घेण्याआधी अनुक्रमणिका मिळवा आणि पेन्सिलीनं पानं मोजा: नियमांची किती, गोष्टींची किती, फोटोंची किती, आकड्यांची किती. शेवटचा आकडा शून्य आला तर दुसऱ्या पुस्तकाचा खर्च आत्ताच धरा.

जाड पुस्तकाचा धसका घेऊन पातळ ते चांगलं म्हणणं हीही चूकच. वॉरहॅमर फँटसी या खेळाचं 2010 सालचं रूलबुक पाचशेहून जास्त पानांचं होतं. 2015 मध्ये त्याच्या जागी एज ऑफ सिग्मार आला तो चार पानांच्या नियमांवर, तेही फुकट. लोक खूश झाले, पण त्या चार पानांत पॉइंट्सच नव्हते. समोरासमोरच्या दोन फौजा बरोबरीच्या कशा ठरवायच्या, हे खेळणाऱ्यांनी आपसात बघायचं. पॉइंट्स 2016 मध्ये वेगळ्या पुस्तकातून आले. चार समजूतदार जुने मित्र असतील तर पॉइंट्सशिवाय भागतं. मामा-भाच्यांत भागत नाही.

तिसरी चूक मी स्वतः केली. बाजेवर पडून सगळं पुस्तक वाचलं आणि 'लय भारी' असा निकाल देऊन टाकला. फासे टाकल्याशिवाय रूलबुक कळत नाही. एक हल्ला घ्या. वीस वार, 3 किंवा जास्त पडलं तर लागतो, 4 किंवा जास्त पडलं तर जखम, आणि समोरचा 5 किंवा जास्त टाकून वाचतो. वीसपैकी साधारण तेरा लागतात, त्यातले सहा-सात जखमी करतात, शेवटी मरतात चार-पाच. म्हणजे एवढ्यासाठी चाळीसेक फासे पडले. एका फेरीत असे सहा हल्ले असतील आणि मे महिन्यात लाइट गेलेली असेल, तर संध्याकाळपर्यंत दोन फेऱ्याही होत नाहीत. तसंच चार्जचं, म्हणजे धावून जाऊन भिडण्याचं. दोन फाशांची बेरीज 9 किंवा जास्त हवी असेल तर ती शंभरात अठ्ठावीसदाच पडते. फौजेचा सगळा डाव असल्या एका फेकीवर टांगलेला असेल तर पुस्तक कितीही देखणं असो, चिडचिड होणारच.

चाचणीला महागड्या बाहुल्या लागत नाहीत. कपाशीच्या बियाण्याचा खोका कापून आम्ही 100 बाय 80 मिलिमीटरचे तुकडे केले. किंग्ज ऑफ वॉर नावाच्या खेळात वीस पायदळाची रेजिमेंट एवढीच जागा घेते. त्यात एकेक सैनिक उचलायचा नसतो, नुकसान साचत जातं आणि मग दोन फासे टाकून पथकाची हिंमत तपासतात. पुठ्ठ्यावर हा खेळ मस्त चालला. दुसऱ्या खेळात मात्र अडकलो. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी राक्षस म्हणून ठेवला होता आणि बाटल्यांची झाकणं धनुर्धारी. त्या खेळात दिसतं की नाही हे बाहुलीच्या मागून वाकून, खरोखर बघून ठरवायचं. झाकणाला काय दिसणार, कप्पाळ? आम्ही नियमालाच शिव्या घातल्या. दोष झाकणांचा होता. किंग्ज ऑफ वॉरमध्ये प्रत्येक युनिटला उंचीचा आकडा दिलेला असतो, म्हणून तिथं झाकणंही चालतात. डोळ्यांनी बघायचा खेळ तपासताना निदान बाहुलीच्या उंचीचा खिळा किंवा काडी तरी उभी करा.

भांडण झालं की पुस्तक वाईट, असंही लगेच ठरवू नका. आमची एक अख्खी दुपार 'विदिन' आणि 'होली विदिन' यात गेली. एज ऑफ सिग्मारमध्ये पहिल्याला बेसचा, म्हणजे बाहुलीच्या पायाखालच्या चकतीचा, कोणताही भाग अंतराच्या आत असला तरी पुरतो, दुसऱ्याला अख्खा बेस आत लागतो. पुस्तकात हे स्वच्छ लिहिलेलं होतं, मीच 'आत' एवढं सांगून मोकळा झालो होतो. भांडणाचा नियम आधी शब्दशः वाचा, मग कंपनीची दुरुस्तीपत्रकं बघा. तिथंही उत्तर नसेल तर दोष पुस्तकाचा. पहिल्याच खेळात असे पाच-सहा प्रश्न निघाले तर परत करता येतंय का ते बघा.

जागा मोजायची तर सगळेच विसरतात. मोठ्या लढाईला सहा बाय चार फूट जागा मागणारे खेळ बरेच आहेत. एज ऑफ सिग्मारचं मोठं मैदान 60 बाय 44 इंच. टेलरचा टेप बरोब्बर 60 इंचांचा असतो, तो जमिनीवर पसरून बघा. घरात तुरीची पोती असतील त्या महिन्यात तर नक्की बघा. जागा नसेल तर फ्रॉस्टग्रेव्हसारखे दहाएक बाहुल्यांचे खेळ आहेत. त्यात वीस बाजूंचा फासा लागतो, तेवढा मागवावा लागेल.

आणि नवी एडिशनच हवी हा हट्ट. शहरात, क्लबात, अनोळखी माणसाशी खेळायचं असेल तर घ्या नवी. गावात प्रतिस्पर्धी एकच असतो, आणि त्याच्याकडे तुमचंच पुस्तक असतं. मी पुढचं पुस्तक जुन्या एडिशनचं, सेकंडहँड घेतलं, सोबत आर्मी बुकही आलं. बुटक्यांचे आकडे पान उघडून भाच्याला फोनवर वाचून दाखवले. तो म्हणाला, "मामा, झाकणं फेकू नोका, दिवाळीत येतो."