जुनं, कोरडं चामडं मऊ करताना या चुका टाळा

वारशानं आलेली चामड्याची बॅग किंवा दुर्बिणीचं केस हातात आलं की पहिली आठवते ती तेलाची बाटली. कोरडं दिसतंय ना, मग मुरवा तेल! सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथेच. कोरडेपणा वरून दिसतो, आतल्या तंतूंची अवस्था दिसत नाही.

म्हणून आधी एका कोपऱ्यावरून पांढरं सुती फडकं अगदी हलकेच फिरवून पाहा. फडक्यावर विटकरी भुकटी आली तर थांबा. हा 'रेड रॉट'. झाडाच्या सालीतल्या टॅनिननं कमावलेल्या जुन्या चामड्यात, विशेषतः 19व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पुस्तकबांधणीत, तो खूप दिसतो. हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे चामड्यात आम्ल तयार होतं आणि तंतू तुटत जातात. तुटलेले तंतू कुठल्याही क्रीमनं सांधत नाहीत. अशा चामड्यावर पाणी पडलं तर काळा डाग पडतो, तो कायमचा. तेल लावलं तर भुकटीचा चिखल होतो. अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज (भुकटी धरून ठेवणारं रसायन) लावून भुकटी बांधून ठेवता येते, पण गेलेली ताकद परत येत नाही. वस्तू मोलाची असेल तर हे काम जाणकार संवर्धकाकडेच द्यावं. तोवर आम्लविरहित कागदात गुंडाळून ठेवलेली बरी.

भुकटी येत नसेल, तर पुढचं काम घरी करता येतं. आधी मऊ ब्रशनं शिवणीतली धूळ काढा. साबणाची घाई नको. चामडं स्वभावतः आम्लधर्मी असतं, पीएच साधारण 3 ते 5. नेहमीचा साबण अल्कधर्मी. 'सॅडल सोप' नावानं मिळणारे चामड्याचे बरेच साबणही तसेच. घट्ट पिळलेलं फडकं बहुतेक वेळा पुरतं, तेही आतल्या बाजूला रंग सुटतो का ते पाहून.

आता तेल. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे थंडीत पांढरट थर वर येतो. जवसाचं तेल हवेत वाळून कडक होतं, म्हणजे हवं त्याच्या नेमकं उलट. स्वयंपाकातली तेलं कालांतरानं खवट होतात. नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं) खास चामड्याचं असलं तरी रंग गडद करतं. लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेद) किंवा मधमाश्यांचं मेण असलेलं साधं क्रीम त्यातल्या त्यात सुरक्षित. एकेकाळी ग्रंथालयांमध्ये लॅनोलिन, मेण आणि सीडरवुड तेलाचं मिश्रण जुन्या बांधणीला सर्रास लावायचे. पुढे अनेकांनी ती पद्धत सोडली. माझं मत विचाराल तर, शंका असेल तर लावूच नका. लावायचंच असेल तर वाटाण्याएवढं घ्या, फडक्यानं पसरवा आणि पूर्ण दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग चिकट लागला तर ते जास्त झालंय, दुसरा हात देऊ नका.

क्रीम लावल्या लावल्या दुमडलेला पट्टा सरळ करायचा मोहही आवरा. वर्षानुवर्षांची घडी ओढून उघडली की भेग आडवी फाटते. बॅगेत किंवा दुर्बिणीच्या केसमध्ये चुरगळलेला कागद भरून आकाराला आधार द्या, पट्टा आहे त्या वळणावर राहू द्या. उन्हात ठेवणं किंवा ड्रायरनं सुकवणं तर नकोच. जीर्ण चामडं नव्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला आक्रसतं, ओलं असेल तर आणखी लवकर, आणि आक्रसलेलं परत ताणत नाही.

पांढरा थर दिसला की सगळे बुरशी समजून घाबरतात. भिंगातून पाहा. केसाळ तंतू आणि कुबट वास असेल तर बुरशी. वस्तू बाजूला काढा, कोरड्या खेळत्या हवेत ठेवा. मेणासारखी गुळगुळीत पापुद्री असेल तर तो चामड्यातलाच मेद, मऊ फडक्यानं निघतो. बकलाभोवती हिरवट चिकट थर जमला असेल, तर पितळेतलं तांबं आणि चामड्यातला मेद यांची ती प्रक्रिया आहे. लाकडी काडीनं खरवडा, आणि बकलाला पॉलिश करताना खाली प्लॅस्टिकचा तुकडा सरकवा, नाहीतर पॉलिश चामड्यात मुरतं.

उसवलेली शिवण घालताना जुन्याच भोकांतून दोरा ओवा. शेजारी नवी भोकं पाडली की कडेला तिकिटासारखी छिद्रांची रांग तयार होते आणि ती तिथूनच फाटते.