फवारणीच्या दिवसांत साखरही तपासा

कपाशी कमरेच्या वर गेली, पात्या-फुलं लागली. आता रोज कुणी ना कुणी पंप पाठीवर घेऊन वावरात आहे. 2017 मध्ये याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून चक्कर-उलटीची धास्ती सगळ्यांना आहे. पण वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात मुरणाऱ्या औषधाबद्दल कुणी बोलत नाही.

मदुराई कामराज विद्यापीठाच्या संशोधकांनी तामिळनाडूच्या खेड्यांतली सुमारे 3,000 माणसं तपासली. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशक औषधांशी थेट संबंध येणाऱ्यांत मधुमेह इतरांच्या जवळपास तिप्पट निघाला. उंदरांना 180 दिवस याच गटातलं मोनोक्रोटोफॉस दिलं, तर त्यांचीही साखर वाढली. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या फवारणी करणाऱ्यांच्या पाहणीत डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकासह सात औषधांचा मधुमेहाशी संबंध दिसला. म्हणून पंप धरणाऱ्या प्रत्येकाला साखर होईल असं नाही. घराणं आणि सुटलेलं पोट यांचाही वाटा असतोच.

तेव्हा आधी नको ती फवारणी टाळा. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले, किंवा शंभरात पाच-दहा बोंडं किडकी निघाली, तरच औषध घ्या. शेजाऱ्याने मारलं म्हणून मारायचं आणि दुकानदाराने सांगितलं म्हणून तीन औषधं एकाच टाकीत ओतायची, हे खरं दुखणं आहे.

औषध अंगात जातं ते जास्त करून कातडीतून. पंप गळका असेल तर सदरा पाठीला चिकटून तासन्‌तास ओला राहतो. म्हणून वायसर आधी बदला. नोझल तोंडाने फुंकू नका, जुना दातांचा ब्रश जवळ ठेवा. त्याच हाताने तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारे पाहिले की जीव खालीवर होतो. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, नाहीतर तेच औषध धुणारीच्या हाताला लागतं.

ज्यांना आधीच साखर आहे त्यांनी गोळी घेऊन उपाशीपोटी वावरात जाऊ नये. साखर उतरली की घाम, थरथर, चक्कर; विषबाधेतही हेच होतं. बांधावर अंदाज बांधत बसू नका. माणसाला लगेच दवाखान्यात न्या, औषधाचा डबा सोबत घ्या आणि मधुमेह असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. दहा-पंधरा वर्षं फवारणी करत असाल, तर वर्षातून एकदा आरोग्य केंद्रात उपाशीपोटीची साखर तपासून घ्या. सकाळी चहा न घेता जा.