योक्टोमध्ये सोर्स बदलायचा कुठे?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आम्ही यंत्रमागांचे कंट्रोलर बोर्ड बनवतो. त्यातलं लिनक्स योक्टोवर, म्हणजे अशा बोर्डांसाठी हवं तसं लिनक्स बनवायच्या साधनसंचावर, बिल्ड होतं. नवीन मुलं आली की हटकून एक चूक करतात, जी मीही केली होती: बिल्ड चालतं त्या टीएमपी/वर्क फोल्डरमध्ये शिरून थेट सोर्सची फाइल बदलणे. धागा तुटला की माग थांबवणारा ड्रायव्हर मी असा दोन दिवस बसून दुरुस्त केला, मग क्लीनएसस्टेट (जुनं बिल्ड साफ करणारी कमांड) चालवलं आणि सगळं पुसलं गेलं. ते फोल्डर बिटबेकचं, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचं. आपलं नव्हे.

आपलं काम 'डेव्हटूल मॉडिफाय'ने सुरू करा, पुढे रेसिपीचं (सोर्स कुठून आणायचा, कसा बिल्ड करायचा हे सांगणाऱ्या फाइलचं) नाव. सोर्स वर्कस्पेस/सोर्सेसमध्ये गिट रिपॉझिटरी होऊन येतो. तिथे बदल करा, 'डेव्हटूल बिल्ड' चालवा, बोर्डवर तपासा, कमिट करा. मग 'डेव्हटूल फिनिश'ला रेसिपी आणि तुमचा लेयर (तुमच्या रेसिपी ठेवलेलं फोल्डर) सांगा. कमिटचे पॅच, म्हणजे बदलांच्या फाइल्स, लेयरमध्ये जाऊन बसतात. कमिट राहिलं असेल तर फिनिश अडतं, आणि ते बरंच आहे.

स्वतः रेसिपी लिहिताना घोळ होतो तो 'एस' व्हेरिएबलचा. उलगडलेला सोर्स कुठे आहे, हे तो सांगतो. टारबॉलमधल्या (सोर्सच्या गठ्ठा फाइलमधल्या) फोल्डरचं नाव रेसिपीचं नाव-आवृत्ती असंच असेल तर काही लिहायला नको. वेगळं असेल तर एस द्यावाच लागतो. नुसत्या लोकल फाइल्स असतील तर पूर्वी आम्ही एसला वर्कडिर (रेसिपीचं कामाचं फोल्डर) द्यायचो. योक्टोच्या 5.1 आवृत्तीपासून ते चालत नाही, अनपॅकडिर (सोर्स उलगडला जातो ते फोल्डर) वापरा. शंका आली तर 'बिटबेक -ई', पुढे रेसिपीचं नाव, असं चालवून एसची ओळ ग्रेपने (मजकुरात शोधणाऱ्या कमांडने) शोधा, अंदाज बांधत बसू नका.