बदनाम वस्ती खरंच किती धोक्याची? स्वतः तपासायची पद्धत

मोठ्या शहरात चार-दोन भाग असे असतात की नाव काढलं तरी समोरचा म्हणतो, 'तिकडे? जपून हं.' का जपून, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा ऐकीव निघतं. तिथे खोली भाड्याने घ्यायची असेल, नोकरी लागली असेल किंवा रात्री तिथल्या स्टेशनवर उतरावं लागणार असेल, तर ऐकिवावर भागत नाही. धोका मोजता येतो. पण तो अख्ख्या वस्तीचा म्हणून मोजायला गेलात की हमखास चुकतो. मोजायचा तो एका गल्लीचा, एका वेळेचा आणि एका माणसाचा, म्हणजे तुमचा.

कशाची भीती आहे ते आधी ठरवा

'गुन्हेगारी' या एका शब्दात खूनही येतो आणि सायकलचोरीही. कागदावर पाच रकाने पाडा: घरफोडी, रस्त्यावरची जबरी चोरी, पाकीटमारी आणि मोबाइल हिसकावणं, छेडछाड, आणि शस्त्रांची मारामारी. प्रत्येकाची जागा, वेळ आणि सावज वेगळं असतं. घरफोडी दिवसा, लोक कामावर गेल्यावर पुष्कळ होते. पाकीटमारीला गर्दी लागते, तर जबरी चोरीला सामसूम. रात्री दोनला मोकळ्या रस्त्यावर पाकीटमार भेटत नाही.

वस्तीला बदनाम करतात ते खून आणि गोळीबार, आणि नेमका तोच आकडा पाहुण्याच्या कामाचा सर्वांत कमी. शिकागोत 2006 ते 2012 या काळात गोळी लागून वाचलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के लोक हे एकमेकांसोबत गुन्ह्यात पकडल्या गेलेल्यांच्या जाळ्यातले होते, आणि ते जाळं शहराच्या लोकसंख्येच्या 6 टक्क्यांहूनही लहान होतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2017 च्या आकडेवारीत जगभर खून झालेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त जणींना जोडीदाराने किंवा घरच्यांनीच मारलं होतं. बदनाम चौकातल्या अनोळखी माणसाचा वाटा लोकांच्या मनात असतो त्याहून बराच लहान. अर्थात टोळ्यांच्या भांडणात चुकून गोळी लागणारेही असतात. म्हणून ती भांडणं कुठल्या कोपऱ्यावर चालतात हे माहीत असायलाच हवं.

जाता जाता एक तुलना: 2021 साली जगात सुमारे 4.58 लाख माणसं खुनात गेली आणि सुमारे 11.9 लाख रस्ते अपघातांत. वस्ती तपासताना स्टेशन ते घर यांमधला मोठा रस्ता कसा ओलांडावा लागतो हेही बघा. ते कुणीच बघत नाही.

आकडे कसे वाचायचे

बऱ्याच मोठ्या शहरांचे पोलिस गुन्ह्यांचे आकडे विभागवार, कधी रस्त्यावार प्रसिद्ध करतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011 पासून रस्त्यावार नकाशा आहे, शिकागोची नोंद 2001 पासून खुली आहे. तुमच्या शहरात काय मिळतं ते बघा आणि निदान तीन वर्षांचं घ्या. एका वर्षावर विसंबू नका, कारण लहान आकडे नुसत्या योगायोगाने उड्या मारतात. वर्षाला सरासरी 3 खून होणाऱ्या भागात एखाद्या वर्षी एकही न होणं किंवा 6 होणं यात काही बदललंच असेल असं नाही. बातमीत मात्र 'खुनांत दुप्पट वाढ' असं येतं.

मग भागाकार. इथेच सर्वांत मोठी गफलत होते. समजा, एका वस्तीत 60,000 लोक राहतात आणि वर्षाला 240 जबरी चोऱ्या होतात. दर लाखामागे 400. आता शहराचा बाजारपेठेचा भाग घ्या: राहणारे 5,000, जबरी चोऱ्या 150. दर लाखामागे 3,000, म्हणजे वस्तीच्या साडेसात पट भयंकर! पण बाजारात रोज 2 लाख लोक येतात. त्यांना धरून भागलं की दर सुमारे 73 वर येतो. कागदावरचं उदाहरण असलं तरी हा प्रकार खराच आहे. लंडनच्या 'सिटी' भागात 2021 च्या जनगणनेत जेमतेम साडेआठ हजार रहिवासी होते आणि कामाला येणारे पाच लाखांहून जास्त. तिथला रहिवाशांमागचा दर काढला तर शहाण्या माणसाने तिकडे फिरकूच नये असं वाटेल. 'सर्वांत धोकादायक भाग' अशा याद्यांमध्ये बाजारपेठा, स्टेशनं आणि पबचे रस्ते वरच्या नंबरावर दिसतात ते यामुळेच. अमेरिकेची एफबीआय स्वतःच्या आकड्यांवरून शहरांची क्रमवारी लावू नका असं सांगते, तरी याद्या निघतातच.

आणखी काही गाळण्या लावा:

— अमली पदार्थ जवळ बाळगणं, बेकायदा शस्त्र सापडणं असे गुन्हे बेरजेतून काढा. पोलिसांनी झडती घेतली तरच ते सापडतात. आकडा वाढला याचा अर्थ गस्त वाढली असाही असतो.

— वाहनचोरीच्या आकड्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, कारण विम्याच्या पैशांसाठी लोक तक्रार देतात. मोबाइल, सायकल आणि छेडछाड यांच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात होतच नाहीत. पोलिसांवर विश्वास नसलेल्या वस्तीत आकडा कमी दिसणं ही चांगली बातमी नसते.

— नकाशावरचा ठिपका तुमच्या इमारतीवर दिसला म्हणून गुन्हा तिथेच झाला असं समजू नका. ओळख लपवण्यासाठी अनेक नकाशे ठिपका जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवतात. एकाच जागी संशयास्पद ढीग दिसला तर तिथे पोलिस ठाणं किंवा रुग्णालय आहे का ते आधी तपासा. घटना दुसरीकडची आणि नोंद तिथली असू शकते.

गल्ली आणि तास

1989 साली अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या अभ्यासात दिसलं की पोलिसांना मदतीसाठी येणारे निम्मे फोन शहरातल्या सुमारे 3 टक्के पत्त्यांवरून आणि चौकांतून येत होते. सिॲटलची चौदा वर्षांची नोंद पाहिली तेव्हाही दरवर्षी निम्मे गुन्हे जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास रस्त्यांवर साचलेले निघाले. म्हणजे बदनाम वस्तीतही बऱ्याच गल्ल्या बहुतेक दिवस शांत असतात आणि दोन-तीन ठिकाणं सगळी बदनामी ओढतात: दारूची रात्री उशिरापर्यंत चालणारी दुकानं, अमली पदार्थ विकले जाणारे कोपरे, स्टेशनचं मागचं तोंड, पडीक इमारत, पुलाखालचा पादचारी मार्ग.

वरचं उदाहरण पुढे न्या. त्या 240 जबरी चोऱ्यांपैकी निम्म्या स्टेशनमागच्या दोन रस्त्यांवर आणि त्यातल्या बहुतेक रात्री नऊ ते एकमध्ये झाल्या असतील, तर संध्याकाळी सातला दुसऱ्या दाराने बाहेर पडणाऱ्या माणसाचा धोका शहराच्या सरासरीहून फारसा वेगळा उरत नाही. साडेअकराला मागच्या दाराने निघणाऱ्याचा मात्र कित्येक पट होतो. राहतात दोघंही एकाच वस्तीत.

उलट बाजूही लक्षात ठेवा. मध्यरात्रीनंतर एकूण गुन्हे कमी नोंदले जातात, पण रस्त्यावर माणसंही अगदी मोजकी असतात. त्यामुळे बाहेर असलेल्या प्रत्येकामागचा धोका वाढतो.

प्रत्यक्ष पाहणी: तीन फेऱ्या

खोली ठरवण्याआधी तीनदा जा: कामाच्या दिवशी सकाळी आठ-नऊला, संध्याकाळी सात-आठला, आणि शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री साडेदहा-अकराला. दलाल दाखवतो ती वेळ साधारण रविवारी सकाळची असते. तिचा उपयोग शून्य. तिसऱ्या फेरीला कुणाला तरी सोबत न्या. दर वेळी थांब्यापासून दारापर्यंत चालत जा, रोज जाल त्याच वाटेने.

कचरा, भिंतींवरची रंगरंगोटी, उगाच उभी पोरं यांवर डोळा अडकतो. ती खूण कच्ची आहे. शिकागोतल्या 2004 च्या अभ्यासात रस्त्यांचं चित्रण करून खरी अव्यवस्था मोजली आणि लोकांना ती किती वाटते हेही विचारलं. लोकांच्या उत्तरांवर कचऱ्यापेक्षा तिथे कोण राहतं, किती गरीब आणि कोणत्या वंशाचं, याचा जास्त प्रभाव निघाला. गरिबी दिसते, धोका सहसा दिसत नाही. आपलंही मन तसंच फसतं, म्हणून मोजता येईल तेवढंच वहीत लिहा.

एकट्या चालणाऱ्या बायका रात्री साडेदहाला किती दिसतात? पाच मिनिटं एका जागी, पण दुकानाच्या आत उभं राहून मोजा. यासारखी दुसरी खूण नाही, कारण तिथल्या बायकांनी तो हिशोब रोज केलेला असतो. दुकानदार गिऱ्हाइकाला आत घेतो की जाळीतून माल देतो? जाळी सगळ्या दुकानांना आहे की एकाच चौकातल्या? एकाच चौकात असेल तर नकाशावर फुली मारा. सायकली बाहेर ठेवलेल्या आहेत का, आणि कुलूप कसलं? तळमजल्याच्या दारांच्या चौकटी बघा: कुलपाजवळ लाकूड ताजं बदललेलं किंवा पत्रा ठोकलेला दिसला, तर ते दार एकदा फोडलं गेलेलं असायची बरीच शक्यता आहे. अशी दारं एका ओळीत तीन-चार दिसली तर घरफोडीच्या रकान्यात जाड खूण करा.

दिवे वेगळे मोजा. बंद किती आणि सलग अंधाराचा पट्टा किती पावलांचा. न्यूयॉर्कमध्ये 2016 साली काही सरकारी गृहसंकुलांत जादा दिवे लावले, तेव्हा तिथले रात्रीचे उघड्यावरचे गंभीर गुन्हे सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्या पट्ट्याकडे एकही खिडकी किंवा दुकान उघडत नाही, फक्त भिंत आणि कुंपण आहे, तो शंभर पावलांहून लांब असेल तर दुसरी वाट शोधा.

कुणाला काय विचारायचं

'इथे सुरक्षित आहे का?' हा वाया गेलेला प्रश्न. राहणारा म्हणतो 'काही नाही हो', बाहेरचा म्हणतो 'बाप रे'. घटना विचारा: शेवटचं काय झालं, कुठे, किती वाजता, कुणाबरोबर? रात्री उघड्या असणाऱ्या औषधांच्या दुकानात, घरोघरी सामान पोचवणाऱ्यांना, रात्रपाळीहून परतणाऱ्यांना विचारा. सामान पोचवणारे सर्वांत कामाचे, कारण त्यांना जिने आणि बोळ पाठ असतात. 'कुठल्या इमारतीत वर जात नाही?' एवढंच विचारा. तीन जणांनी एकच कोपरा सांगितला की तो खरा. आणि विचारताना स्वतःसारख्याच माणसाला विचारा: तरुण पुरुषाला मारामारीचा धोका जास्त, स्त्रीला पाठलागाचा, आणि वेगळ्या धर्माचा, जातीचा किंवा वंशाचा दिसणाऱ्याला कधी तिसराच.

तिथे वावरताना

नकाशा आधी बघून घ्या. वाटेत पुन्हा लागलाच तर दुकानात शिरून बघा. दुचाकीवरून मोबाइल हिसकावणाऱ्यांना पदपथाच्या कडेने, पाठीमागून येणं सोपं पडतं. म्हणून समोरून वाहनं येतील त्या बाजूने चाला आणि फोन भिंतीकडच्या हातात ठेवा. गाडी बोलावली तर ती येईपर्यंत आतच थांबा. एटीएम दिवसा, बँकेच्या आतलं वापरा. अमली पदार्थांच्या कोपऱ्यावर थांबू नका, टक लावू नका, आणि फोटो तर मुळीच काढू नका. तिथे अनोळखी माणूस गिऱ्हाईक, पोलिस किंवा खबऱ्या यांपैकी एक समजला जातो, आणि फोटोने तो तिसराच ठरतो. वस्ती 'बघायला' गेलेले अडचणीत येतात ते बहुतेक यामुळे.

कुणी अडवलंच तर वस्तू द्या. हात सावकाश हलवा, काय काढताय ते सांगा, पाठलाग करू नका. *#06# दाबून दिसणारा आयएमईआय, म्हणजे तुमच्या फोनचा ओळख क्रमांक, आजच कागदावर लिहून घरी ठेवा. फोन गेल्यावर तो फोनमध्ये असून उपयोग नाही. पोलिसांत तक्रार द्या आणि फोन दूरवरून बंद करा, त्याच तासात.

राहायला गेल्यावर शेजारची घरफोडी ही सर्वांत ठोस सूचना समजा. 2007 साली पाच देशांतल्या दहा भागांच्या तुलनेत दिसलं की एका घरी चोरी झाली की सुमारे 200 मीटरच्या आतल्या घरांचा धोका निदान दोन आठवडे वाढलेला राहतो, कारण चोराला वाटा, दारांचा प्रकार आणि लोकांच्या वेळा कळलेल्या असतात. ते दोन आठवडे घरात संध्याकाळी दिवा लागेल अशी सोय करा, तळमजल्याच्या खिडक्यांचे अडसर तपासा आणि मालकाकडे दाराच्या दुसऱ्या कुलपाची मागणी लेखी द्या. कुलपाची जीभ जिच्यात शिरते ती चौकटीवरची पट्टी बसवताना लहान स्क्रू पुरत नाहीत. लाथेने पहिली फुटते ती चौकट. साधारण 75 मिलिमीटरचे, चौकटीतून पलीकडच्या पक्क्या लाकडापर्यंत जाणारे घ्या.